पोलीस खात्याचे मालक

आमच्या डिलाईल रोडच्या चाळीतले आप्पा मयेकर मुंबईच्या पोलिसांना 'आमची पोरं' म्हणतात. स्वतः जन्मभर गिरणीत साचे चालवले, चौकीची पायरीसुद्धा चढले नाहीत. पण रुबाब असा, की कमिशनर जणू यांना विचारूनच रजेवर जातो!

"मेल्यांनो, मुंबईत पहिला पहारा कोणी दिला? आम्ही भंडाऱ्यांनी! कंपनी सरकारच्या राज्यात, हातात दंडुके घेऊन!" हे ऐकल्याशिवाय त्यांच्या दारावरून कोणाची सुटका नाही. नाक्यावर नाकाबंदी लागली की आप्पा तपासणीला हजर. "टोपी सरळ कर रे, खात्याची अब्रू आहे." हवालदार बिचारा मुकाट्याने सरळ करतो. करतो काय, नाहीतर इतिहास ऐकावा लागेल.

एकदा चाळीत चप्पलचोर सापडला. आप्पांनी त्याला बाकावर बसवला आणि इतिहासाला दंडुक्यांपासून सुरुवात केली. पोलिसांची जुनी निळी हाफ पँट, पिवळी टोपी इथवर येईतो चोर रडकुंडीला आला. मला म्हणतो, "काकी, पाया पडतो, पोलिसांना बोलवा!" आणि खाकी तर अजून यायचीच होती.

त्यांचा दुसरा विषय म्हणजे मुलगा. "पुढच्या महिन्यात येतोय दुबईहून." मयेकर वहिनी वारल्यापासून हा पुढचा महिना चाललाय. आम्ही तोंडावर "हो का!" म्हणतो आणि पाठ वळली की हसतो. चाळ आहे, देऊळ नव्हे.

एकट्या म्हाताऱ्यांची चौकशी करायला पोलीस घरी येतात ना, तशी हल्ली एक लेडी कॉन्स्टेबल आप्पांकडे येते. येते दोन मिनिटांसाठी, आप्पा तासभर सोडत नाहीत. पोरीने बदली मागितली तरी मला नवल वाटणार नाही.

परवा ती आली तेव्हा अख्खी गॅलरी बाहेर होती. आप्पांनी सवयीने ठोकून दिलं, "मुलगा येतोय हां. कायमचा."

ती खूश झाली. "बरं झालं आजोबा! मग यादीतलं तुमचं नाव कमी करते. एकटे राहणारे खूप आहेत माझ्याकडे."

आम्ही सगळे कान टवकारून उभे. म्हटलं, आता वाघ उपाशी मरेल, पण गवत खाणार नाही.

आप्पांनी आमच्याकडे बघितलंच नाही.

"नको काढू गो," ते म्हणाले. "तो येत नाही. फोनसुद्धा करत नाही."

गॅलरीत कोणी हसलं नाही.

"एकटाच आहे मी. तू ये."