बहात्तरचा पट

बिराजदार गुरुजींचं हृदय ईसीजीच्या दिवशी शेजाऱ्यांचे ठोके आणून स्वतःचा पट भरत असे. उमरग्यात ही गोष्ट तिसऱ्या ईसीजीपर्यंत कुणाच्या ध्यानात आली नाही. ज्यांच्या छातीतून ठोके जात होते त्यांच्या तर मुळीच नाही. त्यांत मीही होतो. मला वाटायचं, सकाळचा चहा कमी पडला.

गुरुजी आमच्या शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक, मी तिथला निवृत्त लिपिक. दिवाळीपासून गुरुजी पडायला लागले. एकदा देवासमोर, एकदा बसस्थानकात, एकदा मेथी निवडता निवडता. दहा-पंधरा सेकंद जायचे, मग उठून बसायचे आणि विचारायचे, "तास झाला का?"

डॉक्टर काझीबाई म्हणाल्या, हृदय मधेच थांबत असणार. पेसमेकर बसवावा लागेल, नाहीतर एखाद्या दिवशी गुरुजी उठायचे नाहीत. पण बसवण्याआधी ते थांबणं कागदावर दिसलं पाहिजे. आणि कागदावर दर वेळी बहात्तर. सगळे ठोके सरळ, सारख्या उंचीचे, प्रार्थनेला उभे केल्यासारखे.

तिसऱ्या वेळी गुरुजी आत टेबलावर होते. बाहेर बाकावर गुरुजींच्या मंडळी महानंदाकाकू, मी आणि कप गोळा करायला आलेला चहावाला नागनाथ. आत यंत्र सुरू झालं आणि काकू बाकावरून हळूच घसरल्या. नागनाथ ओरडला. डॉक्टर धावत आल्या, काकूंची नाडी धरली, आत जाऊन कागद पाहिला, पुन्हा बाहेर आल्या.

"आत बहात्तर," त्या म्हणाल्या. "बाहेर त्रेचाळीस."

आत कंपाउंडरनं यंत्र बंद केलं, तशा काकू उठून बसल्या. पदर सारखा करत म्हणाल्या, "त्यांचं कसंय?"

डॉक्टरांनी आम्हा सगळ्यांना आत बोलावलं आणि दार लावून घेतलं.

"गुरुजी, तपासणीला साहेब यायचे तेव्हा तुम्ही नळवाडीच्या शाळेतून पोरं आणायचात का?"

गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं. टेम्पो ठरवायचं काम माझ्याकडे असे.

"एखाद्या वर्षी," गुरुजी म्हणाले. "पट कमी होता तेव्हा."

"मी नळवाडीला सहावीत होते. तुमच्या वर्गात मला सुरेखा म्हणून बसवलं होतं. जाताना लिमलेटच्या दोन गोळ्या मिळाल्या."

"सुरेखा हुशार होती," गुरुजी म्हणाले. "साहेबांनी पाढा विचारला तर घडाघडा म्हटला."

"तुमचं हृदय तेच करतंय, गुरुजी."

"मी त्याला तसलं काही शिकवलं नाही, बाई."

"आवं, तीस वर्षं आतून बघत नव्हतं का ते?" काकू म्हणाल्या.

माझा गोंधळ झाला, तसा सगळ्यांचाच झाला. आता करायचं काय? काकूंना घरी ठेवून ईसीजी काढला तर तो नागनाथकडून आणेल. नागनाथला हाकललं तर रस्त्यावरून येणाऱ्या-जाणाऱ्यांकडून. हृदयाला टेम्पोसुद्धा लागत नाही. डॉक्टर म्हणाल्या, नंतर सरकारच्या पटपडताळणीत शाळांचं झालं तसंच करावं लागेल: सगळ्यांची एकाच वेळी मोजणी, आणि मोजलेल्याला शाई.

गुरुवारी साडेदहाला आम्ही चौघं ओळीत झोपलो. आता छातीला चिकटवायच्या पट्ट्या निघाल्यात, वायरी नाहीत, काही नाही. काकूंच्या ठोक्यांना हिरवी शाई लावली, माझ्या ठोक्यांना लाल, नागनाथच्या जांभळी. ठोक्याला शाई लावतात कुठं, असं मी कंपाउंडरला विचारलं.

"जिथं लावतात तिथं," तो म्हणाला.

गुरुजींचा कागद आला. बहात्तरांत हिरवे एकतीस, लाल पाच, जांभळे दोन. गुरुजींचे स्वतःचे चौतीस. शाईचे खोडून टाकल्यावर मधे मोकळ्या जागा उरल्या, एक तर पाच सेकंदांची.

गुरुजींनी कागद पुष्कळ वेळ हातात धरला. "पट वीसच्या खाली गेला की शाळा बंद करतात," ते म्हणाले. "चौतीस आहेत, बाई. बंद करू नका."

"बंद नाही करायची. एक मास्तर वाढवायचा."

मास्तर, म्हणजे पेसमेकर, औषधाच्या कॅप्सूलएवढा होता. मांडीच्या शिरेतून आत गेला आणि दुसऱ्या दिवसापासून हजेरी घेऊ लागला. जो ठोका येणार नाही त्याच्या जागी स्वतः उभा राही. गुरुजींचं पडणं थांबलं. आठव्या दिवशी ते बसस्थानकापर्यंत चालत जाऊन आले.

बाहेरचे ठोके परत पाठवले गेले. माझे पाच दाढी करताना आले. पण घाईत मी आंघोळ केली, शाई धुऊन गेली, आणि त्यांत नागनाथचे दोन होते की काय ते कळायला मार्ग उरला नाही. तेव्हापासून दुपारी चारला माझा हात आपोआप कप विसळल्यासारखा हलतो. नागनाथला विचारलं तर म्हणतो, मला आताशा टाइपिंग येतंय असं वाटतं.

काकूंचे मात्र तीसच परत आले; चौऱ्याहत्तरांचे त्र्याहत्तर झाले.

डॉक्टरांनी पुन्हा मोजलं. एक हिरवा गुरुजींच्या छातीतच होता, मास्तरच्या अगदी शेजारी.

"मी काही धरून ठेवलेला नाही," गुरुजी म्हणाले.

"ऱ्हाऊ द्या की," काकू म्हणाल्या. "मला त्र्याहत्तर पुरतात."

"पुरतील, काकू," डॉक्टर म्हणाल्या. "त्र्याहत्तर काही कमी नाहीत. पण दाखल्याशिवाय दुसऱ्याच्या पटावर ठेवता येत नाही. मी स्वतः तशी बसलेय."

मग मी घरून शाळा सोडल्याच्या दाखल्याचा जुना छापील फॉर्म आणला. काकूंनी चष्मा लावून तो स्वतःच्या हातानं भरला. वर्तणूक: चांगली. प्रगती: बरी. सोडण्याच्या कारणाच्या रकान्याशी त्या थांबल्या. गुरुजी वाकून बघायला लागले, तर त्यांनी हातानं कागद झाकला, परीक्षेत झाकतात तसा.

फॉर्म माझ्याकडे आला तेव्हा मी वाचलं. कारण: घर जवळ आहे.

डॉक्टरांनी सही केली, शिक्का मारला आणि केसपेपरवर लाल अक्षरांत लिहिलं: यापुढे तपासणीला दोघांना एकाच बाकावर बसवावे.