पावाचे बिगूल

"गाल फुगवायचे नाहीत, ओठ घट्ट धरायचे आणि वारा पोटातून काढायचा!"

स्काउटमास्तर एर्मोहेनेस यांचे शब्द आठवत सेनाइदा पहाटे गच्चीवर उभी राहिली. रविवारी चौकात पेरू देशाचा लाल-पांढरा झेंडा चढताना तिला बिगूल वाजवायचे होते. नाही जमले, तर बिगूल पथकातल्या रोसेंदोच्या हाती जाणार होते. देवाचे नाव घेऊन तिने फुंकले.

"पों... पोंऽऽ!"

गल्लीतली दारे पटापट उघडली. डोळे चोळत, कापडी पिशव्या घेऊन बायका बाहेर आल्या. त्या गावात सकाळी "पों-पों" म्हणजे तेओफिलो पाववाल्याच्या तीनचाकी सायकलचा भोंगा.

"अगं, पाव कुठाय?"

"पाव नाही मावशी, सराव आहे!"

"सराव काय कॉफीत बुडवून खाऊ?"

पुढे लोक शहाणे झाले. खुद्द तेओफिलोने कोपऱ्यावर आपला भोंगा वाजवला, तेव्हा घरोघरी लोकांनी कूस बदलली. "झोपा हो, ती कार्टीच आहे!"

भरली टोपली घेऊन तो थेट सेनाइदाच्या दारात आला. "पोरी, माझं दुकान बुडवतेस का?"

"काका, मला दुसरा सूर येतच नाही हो!" तिचे डोळे भरून आले.

पाववाला विरघळला. "रडू नकोस. माझ्या गाडीवर बस. तू फुंक, मी पाव देतो. तुझा सराव होईल आणि माझा पाव खपेल."

तसेच झाले. सकाळी गाडीवर "पों-पों" आणि दुपारी नदीकाठी झेंड्याची धून. शनिवारी तीही बिनचूक जमली.

रविवारी चौकात नेहमीसारखेच नगराध्यक्ष, मास्तर, स्काउट आणि दोन कुत्री. कौतुकाने आलेला तेओफिलो पावाची गाडी लावून उभा. नगराध्यक्षांनी दोरी धरली. सेनाइदाच्या डोक्यातली धून पार पुसली गेली. ओठांनी मात्र सवयीने काम केले.

"पों... पोंऽऽ!"

चारी गल्ल्यांतून पिशव्या घेऊन गाव धावत आले. मास्तरांनी कपाळावर हात मारला. झेंडा वर चढताना दिसला तशी माणसे थबकली, टोप्या उतरल्या, पिशव्या छातीशी गेल्या.

नगराध्यक्ष दोरी बांधून मास्तरांकडे वळले. "इतकी वर्षं रिकाम्या चौकात झेंडा चढवतोय मी! मास्तर, हीच पोरगी दर रविवारी हवी!"

"पण साहेब, ही धून..."

"धून उत्तम आहे!"

मग पावावर झुंबड उडाली. वरच्या खिडकीतून कासिल्दा आजी ओरडल्या, "पोरी, मला खाली उतरवत नाही गं! दोन पाव ठेवशील?"

"मी आणून देते, आजी!"

ती गर्दीतून वाट काढेपर्यंत टोपली रिकामी. तेओफिलोने स्वतःच्या न्याहारीचे दोन पाव फडक्यात बांधून तिच्या हातात दिले. "तुझी बिदागी. खा."

तेवढ्यात नगराध्यक्ष पायरीवर चढून भाषण करू लागले. "कुठंय आपली बिगूलवाली? पुढे या, तुमचा सत्कार करायचाय!"

सगळे माना वळवून शोधू लागले. बिगूल काखेत मारून, गरम पाव पोटाशी धरून सेनाइदा गर्दीमागून हळूच आजींच्या जिन्याकडे निघाली होती.