कवळीवाल्यांचा बाण

"हा दगड नाही! हे बाणाचं टोक आहे. माणसाच्या हातचं. लाव पैज!"

असं म्हणून कवळीवाल्यांनी रविवारी सकाळी नदीकाठच्या फेरफटक्यावरून आणलेला एक चिखलाने माखलेला खडा चहाच्या कपाशेजारी ठेवला. बायकोने तो फडक्याने उचलला आणि खिडकीबाहेर भिरकावायला हात वर केला. कवळीवाल्यांनी झेप घेतली म्हणून इतिहास वाचला. पुढे तो त्यांनी स्वतःच्याच हाताने बुडवला, पण ते सावकाश सांगतो.

कवळीवाले म्हणजे दात बनवणारे. डॉक्टर वेगळे. डॉक्टर रोग्याच्या तोंडाचा ठसा घेऊन पाठवतात, कवळीवाले गल्लीच्या टोकाच्या एका खोलीत बसून त्यावरून दात घडवतात, आणि मग ते दात डॉक्टरांच्या नावाने गावभर हसत फिरतात. नीट बसले तर "डॉक्टरांचा हात म्हणजे काय!" आणि टोचले तर "कुठल्या कवळीवाल्याकडून करून आणले हो?" आयुष्यभर राबून या माणसाचं नाव कुठे म्हणून लागलं नव्हतं. दातावर नाव घालत नाहीत हे त्यांनाही कळत होतं, पण त्याने पोटातली आग विझत नव्हती. त्यातून डॉक्टरांचं एक ठरलेलं वाक्य. कुठलाही दात हातात घेतला की मान तिरकी करून म्हणायचे, "ठीक आहे. पण खऱ्यासारखा वाटत नाही."

"पण हे बाणाचं टोक कशावरून?" बायकोने विचारलं.

"हे बघ. दोन्ही अंगांनी टवके उडवलेत, शिंपल्याच्या आकाराचे. नदीने घासलेला दगड गोटा होतो, त्याला अशी धार राहत नाही. आणि बुडाशी ह्या दोन खाचा, काठीला बांधायला. अगं, कडा बघण्यातच जन्म गेला माझा!"

"मग देऊन टाका संग्रहालयाला. आपल्या घरात तुमचे दातच ठेवायला जागा नाही."

"देणारच! काचेच्या पेटीत ठेवतील. खाली पाटी लावतील. पाटीवर शोधणाऱ्याचं नाव. माझं!"

आता शहाणा माणूस तो खडा रुमालात बांधून सरळ संग्रहालयात गेला असता. पण मूळ वस्तू तिकडे गेल्यावर घरी पाहुण्यांना काय दाखवायचं? म्हणून कवळीवाल्यांनी आधी त्याचा ठसा घेतला आणि सिरॅमिकची नक्कल केली. भट्टीत माल आकसतो, तोही अंदाज चोख धरला. सिगारेट ओढणाऱ्यांच्या दातांना देतात तो पिवळट रंग दिला, खाचांत नदीची माती भरली. दोन्ही शेजारी ठेवल्यावर बायकोला ओळखता येईना. कवळीवाले इतके खूश झाले, की त्यांनी लगेच डॉक्टरांना फोन लावला.

घात झाला तो इथे! फोन कान आणि खांद्याच्या मध्ये, तोंड चालू, आणि हात मोकळे. धारदार कड दिसली की कवळीवाल्यांचे हात शिवशिवतात, कारण कड राहिली की हिरडीला टोचते आणि डॉक्टर ओरडतात. हातांनी खरा बाण उचलला, सवयीने यंत्रावर धरला, कडा मारल्या, पावडर लावली, चाकावर घासून चकाकी आणली. फोन ठेवला तेव्हा त्यांच्या तळव्यावर एक गुळगुळीत, लखलखीत वस्तू होती. तान्ह्या बाळाने चघळावी अशी!

पहिल्यांदा त्यांच्या मनात आलं, वा, काय सुरेख उतरलंय! मग ब्रह्मांड आठवलं.

"आत दगड तोच आहे ना," त्यांनी बायकोला, म्हणजे खरं तर स्वतःलाच, समजावलं. "जाणकाराला कळतं."

जाणकार म्हणजे संग्रहालयातल्या बाई. त्यांची अक्कलदाढ डॉक्टरांनी काढली होती, त्या ओळखीवर डॉक्टरही बरोबर आले. बाणाची मूळ धार कशी होती ते दाखवायला कवळीवाल्यांनी नक्कलही सोबत घेतली. बाईंनी भिंगातून आधी नक्कल पाहिली. "अप्रतिम! किती जुना असेल, सांगता येत नाही." मग लखलखीत बाण पाहिला आणि नाक मुरडलं. "हा मात्र कुणीतरी यंत्रावर बनवलाय. बटबटीत काम."

"बाई, उलटं झालंय!" कवळीवाले ओरडले. "बटबटीत आहे तो खरा! अप्रतिम आहे तो मी केलाय!"

डॉक्टर खो खो हसले. "तुम्ही? अहो, तुमचा एक दात कधी खऱ्यासारखा वाटला नाही, आणि हा म्हणे तुम्ही केलात!"

"फोडून बघा! आतून पांढरा निघेल!" म्हणत कवळीवाल्यांनी नक्कल उचलली. बाई किंचाळल्या, पहारेकरी धावला, आणि कवळीवाल्यांचं मनगट त्याने असं धरलं, की पुढे आठवडाभर त्यांना ब्रश धरता आला नाही.

"ठसा आणतो!" ते कळवळून म्हणाले. "ठसा खोटं बोलत नाही!"

धावत खोलीवर गेले, धावत परत आले. ठशाचे दोन्ही अर्धे टेबलावर मांडले. बाईंनी नक्कल त्यात ठेवली. खट्! केसाचीही फट नाही. मग खरा बाण ठेवला. कडा मारलेल्या, तो आत खुळखुळायला लागला.

"म्हणजे ठसा या अस्सल वस्तूवरून घेतलाय," बाई सावकाश म्हणाल्या, "आणि त्यावरून ही दुसरी पाडलीय. तीही ढिली. दुर्मीळ वस्तूची नक्कल करून वर उलट्या बोंबा मारताय? लाज वाटत नाही?"

कवळीवाल्यांनी कपाळावर हात मारला. पुरावा त्यांनी स्वतःच धापा टाकत आणला होता!

"मग शोधणारा म्हणून नाव कुणाचं घालू?" बाईंनी डॉक्टरांकडे पाहिलं.

"तसं पाहिलं तर," डॉक्टर विनयाने म्हणाले, "वजन वाढलंय, नदीकाठी चालत जा, असं यांना मीच सांगितलं होतं."

प्रदर्शन उघडलं तेव्हा कवळीवाले बायकोला घेऊन गेले. जायचं नव्हतं, पण पाय गेले. काचेच्या पेटीत मऊ कापडावर त्यांच्या भट्टीतला माल विसावला होता. खाली पाटीवर डॉक्टरांचं नाव, पदव्यांसकट. समोर गर्दी. एक आजोबा नातीला सांगत होते, "बघ, काय हात असेल त्या माणसाचा! आजकाल आहे का कुणाची टाप?"

कवळीवाल्यांना रडूच फुटायचं बाकी होतं. उभ्या जन्मात पहिल्यांदा कुणीतरी त्यांच्या हाताला नावाजत होतं, आणि हात खिशात होता, खऱ्या बाणाभोवती मूठ आवळून.

"सांगून टाकू का यांना?" ते कुजबुजले.

"कशाला?" बायको म्हणाली. "दाखवाल काय? खिशातल्याला धार तरी ठेवलीत का तुम्ही?"

तेवढ्यात फोन वाजला. डॉक्टर होते.

"अहो, कालचा तो समोरचा दात परत पाठवतोय. पुन्हा करा. खऱ्यासारखा वाटत नाही."