बारा शब्द आणि एक वाकडी तबकडी

झोपेत पैसे कमावणारा माणूस तुम्ही पाहिला नसेल, म्हणून आधीच सांगून टाकतो: तो मी. म्हणजे, होणार होतो.

मी चष्म्याच्या काचा घासून फ्रेममध्ये बसवण्याचं काम करतो. लोकांना लख्ख दिसावं म्हणून दिवसभर राबायचं आणि स्वतःचं भविष्य मात्र धूसर, असं किती वर्षं चालायचं? अशात आमच्या दुकानात फ्रेमा पुरवणाऱ्या विक्रेत्याने मला क्रिप्टोची दीक्षा दिली. संगणकातली ग्राफिक्स कार्डं म्हणे नुसती खेळ खेळायला नसतात. ती एका सांगाड्यावर रांगेने बसवायची आणि इंटरनेटला जोडायची. मग ती अहोरात्र गणितं सोडवत बसतात आणि त्याच्या मोबदल्यात आपल्या नावावर डिजिटल नाणी जमा होतात. आपण काहीच करायचं नाही. हे शेवटचं वाक्य मला फारच पटलं.

न्हाणीघराशेजारच्या अडगळीच्या खोलीत मी कारखाना थाटला. जुनी कार्डं, लोखंडी सांगाडा, पंखे आणि वायरींचं असं जंजाळ की हात घालायचीही भीती वाटावी. बटण दाबलं आणि विमान उडायच्या तयारीत असावं तसा आवाज सुरू झाला. फरक एवढाच, की हे विमान उडेना आणि थांबेनाही.

बायको हॉस्पिटलच्या टेलिफोन बोर्डावर काम करते. सगळ्या वॉर्डांचे नंबर तिला तोंडपाठ. तिने दारातून डोकावून विचारलं, की यातून पैसे निघतात नक्की कुठून? मी समजावून सांगितलं. तिने पुन्हा तेच विचारलं. मी पुन्हा समजावलं आणि या वेळी मलाही नीट कळलं नाही, म्हणून मी विषय साठवणुकीवर नेला. नाणी एका इवल्याशा यंत्राच्या ताब्यात राहतात. त्याला वॉलेट म्हणतात. त्याला दोन बटणं आणि नखाएवढा पडदा. पिन सलग तीनदा चुकला की ते स्वतःची पाटी कोरी करतं. मग बारा इंग्रजी शब्द ओळीने घातले तरच नाणी परत मिळतात. शब्द कागदावर लिहायचे नाहीत, कागद चोरीला जातो, असं विक्रेत्याने बजावलं होतं. म्हणून मी पहिले सहा पाठ केले आणि उरलेले सहा बायकोला दिले.

"म्हणजे चोराला आपल्या दोघांना पळवून न्यावं लागणार," ती म्हणाली.

"तेच तर!" मी अभिमानाने म्हणालो. नवरा-बायको एकमेकांशी बोलायचेच बंद होऊ शकतात, ही शक्यता त्या विक्रेत्याने धरलीच नव्हती. तो अविवाहित आहे.

पुढे घरात नियम आले. इस्त्री चालू असताना मिक्सर लावायचा नाही, मिक्सर असताना कपडे धुवायचे नाहीत, आणि माझा कारखाना चालू असताना, म्हणजे कधीच, ओव्हनला हात लावायचा नाही. कुणी नियम मोडला की फ्यूज जायचा आणि मी टॉर्च घेऊन ओरडत फिरायचो. खालच्या मजल्यावर वाद्यं दुरुस्त करणारे एक गृहस्थ राहतात. आम्ही त्यांना सूरवाले म्हणतो. ते वर आले आणि अतिशय नम्रपणे म्हणाले, की तुमच्या यंत्राचा आवाज दोन सुरांच्या मधोमध लागतोय, त्यामुळे मला एकही वाद्य जुळवता येत नाही. "बंद करता येत नसेल तर निदान सुरात तरी आणा." मी दोन पंखे बदलले. ते परत येऊन म्हणाले, आता तर जास्तच बिघडलाय.

या सगळ्यात खूश एकच माणूस होता. माझे सासरे, नाना. ते आमच्याकडेच राहतात आणि त्यांना बाराही महिने थंडी वाजते. त्या खोलीत भट्टीसारखी ऊब, म्हणून त्यांनी आपली आरामखुर्ची आत नेली आणि ते दिवसभर कार्डांसमोर पाय पसरून बसू लागले. आपला जावई काहीतरी उपयोगाचं करतोय, असं त्यांना लग्नानंतर पहिल्यांदाच वाटलं.

आणि मग तो रविवार आला. सुट्टी होती, बायको खुशीत होती. वडिलांना आईचं गाणं ऐकवू या, म्हणून तिने रेकॉर्ड प्लेअर पुसला आणि तबकड्यांची पेटी कुठे आहे असं मला विचारलं. माझ्या सासूबाई तरुणपणी गायच्या. त्यांची एकच तबकडी निघाली होती आणि तिची एकच प्रत घरात उरली होती. ती पेटी मी सांगाड्याच्या सगळ्यात वरच्या फळीवर ठेवली होती. सुरक्षित राहावी म्हणून. गरम हवा वर जाते हे मला शाळेत शिकवलं होतं, पण परीक्षेत आलं नव्हतं.

तबकडी बाहेर आली ती सूपच्या खोलगट बशीसारखी. बायकोने ती उजेडात धरली, सगळ्या बाजूंनी पाहिली आणि परत पेटीत ठेवली. ती चिडली असती तर मी उत्तर दिलं असतं. ती एक अक्षर बोलली नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही, त्यानंतरही नाही. फोनवर अख्ख्या हॉस्पिटलशी गोड बोलणारी बाई घरात आली की मुकी व्हायची.

अशा नाजूक परिस्थितीत नानांनी वॉलेट हातात घेतलं. खोली अलीकडे जरा जास्तच तापते असं त्यांना वाटत होतं आणि ते यंत्र म्हणजे तिथली ऊब कमी-जास्त करायचा रिमोट आहे, अशी त्यांची समजूत होती. त्यांनी बटणं दाबली. काही झालं नाही म्हणून पुन्हा आणि मग आणखी एकदा दाबली. मग, तुमचा रिमोट बिघडलाय जावईबापू, असं सांगत त्यांनी तो माझ्या हातात ठेवला. पाटी कोरी झाली होती.

मी डोक्याला हात लावून खाली बसलो. पहिले सहा शब्द माझ्याकडे होते. उरलेले सहा स्वयंपाकघरात उभे राहून कांदा चिरत होते आणि माझ्याशी बोलत नव्हते.

मी नानांना मध्यस्थ म्हणून पाठवलं. ते गेले, बराच वेळ आत बसले, काहीतरी खाऊनही आले आणि मग निरोप सांगितला: "ती म्हणते, आधी आईचा आवाज परत आण." मग ते म्हणाले, "मलाही ते बरोबर वाटतं." आणि खुर्ची फिरवून माझ्याकडे पाठ करून बसले. तेव्हा कुठे मला कळलं, की ती तबकडी फक्त बायकोच्या आईची नव्हती.

दुकानात मी शंभर गोष्टींची वाट लावतो, पण एक गोष्ट मला येते. प्लॅस्टिकची फ्रेम हलकेच गरम करून ती मी गिऱ्हाइकाच्या कानाप्रमाणे वाकवतो आणि वाकडी झाली असेल तर सरळ करतो. मग तबकडी का नाही? दुकानातून मी दोन जाड सपाट काचा आणल्या. आधी एका फालतू तबकडीवर प्रयोग केला; ती इतकी तापली की तिचं पापुद्र्यासारखं काहीतरी झालं. मग कारखान्याचा वेग कमी केला, ऊब हाताला सोसेल इतकीच ठेवली, सासूबाईंना दोन काचांमध्ये निजवलं, वर वजन ठेवलं आणि शेजारी स्टुलावर बसून राहिलो. नानांनी हळूच खुर्ची परत माझ्या बाजूला फिरवली. आम्ही दोघं एका तबकडीकडे बघत होतो.

तबकडी गार होत असतानाच सूरवाले वर आले. यंत्राचा आवाज आज अर्धा सूर खाली उतरलाय, तब्येत बरी आहे ना, असं विचारायला. त्यांना बसवून घेतलं. बायको दारात येऊन उभी राहिली. मी सुई टेकवली.

आधी खरखर झाली. मग एक पातळ, कोवळा आवाज खोलीभर पसरला. मध्येच एका जागी तो डगमगला. सूरवाल्यांनी कान टवकारले. म्हणाले, इथे थोडी वाकलेली राहिलीय, सूर घसरतोय.

"नाही," नाना डोळे मिटूनच म्हणाले, "तिथे ती कायमच घसरायची."

बायको हसली आणि हसताहसताच रडली. गाणं संपल्यावर माझ्याकडे न बघता तिने आपले सहा शब्द घडाघडा म्हणून दाखवले, वॉर्डांचे नंबर सांगावेत तसे. मी ते वॉलेटमध्ये शेवटी घालायचे म्हणून ऐकून ठेवले आणि आपले सहा घालायला घेतले. लॅडर. गार्लिक. टॉर्टॉइज. पुढे काही नाही. डोकं साफ कोरं, वॉलेटपेक्षा कोरं.

"एल्बो," बायको म्हणाली.

"तुला कसं माहीत?"

"रोज दाढी करताना मोठ्याने म्हणतोस."

"मग व्हेल्वेट," नाना म्हणाले.

"आणि शेवटी अंब्रेला," सूरवाले म्हणाले. न्हाणीघराच्या नळातून त्यांना सगळं स्वच्छ ऐकू यायचं. मी एखादी परदेशी प्रार्थना म्हणतो असं त्यांना वाटे आणि त्यातला अंब्रेला नेहमी फार वरच्या पट्टीत लागतो, असंही त्यांनी सांगून टाकलं.

वॉलेट उघडलं. इतक्या दिवसांची सगळी कमाई त्या नखाएवढ्या पडद्यावर उजळली. आम्ही चौघं त्यावर वाकलो. नानांनी चष्मा वर सरकवला, आकडा वाचला आणि कौतुकाने विचारलं, "हे रोजचे?"

मी म्हणालो, एकूण.

सूरवाल्यांनी वळून प्लेअरची सुई निरखली. रेकॉर्ड प्लेअरची सुई फार झिजलीय, असल्या सुईवर ही तबकडी परत लावू नका, असं ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी मी सगळी नाणी मोडली आणि सुई आणली.

चांगली आहे सुई. थोडे सुट्टे पैसे कमी पडत होते, ते बायकोने दिले.