खोट्या पत्रिकेचा खरा रुसवा

त्या रविवारी आकांक्षानं एवढंच ठरवलं होतं की, इंगोले परिवाराच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आज एक वाक्य लिहायचं. फक्त एक. पण दहावीत आल्यापासून या ग्रुपवर असूनही तिनं आजवर एकदाच हात जोडलेलं चित्र पाठवलं होतं, आणि तेही चुकून, कुणाच्या तरी साखरपुड्याच्या फोटोखाली श्रद्धांजलीसारखं जाऊन बसलं होतं. तेव्हापासून तिनं कानाला खडा लावला होता.

सकाळी अकोल्याच्या मोठेबाबांच्या, म्हणजे बाबांच्या थोरल्या भावाच्या, पंजाबरावांच्या नंबरवरून मेसेज आला : 'आमच्याकडील शुभविवाहास यावे. पत्रिका पाहण्यासाठी फाईल उघडा.'

अमरावतीतल्या त्यांच्या स्वयंपाकघरात आकांक्षाचे बाबा, कुंदनराव, पोह्यांची ताटली हातात घेऊन उभेच राहिले आणि त्यांनी आकांक्षाच्या आईला हाक मारली.

"भावना! अवं, शिवमचं जमलं!"

शिवम म्हणजे मोठेबाबांचा एकुलता एक मुलगा. गुणी, निर्व्यसनी, उंचापुरा. पण शेती करणारा. मुलीकडचे यायचे, चहा प्यायचे, ओलिताच्या शेताचं कौतुक करायचे आणि जाताना विचारायचे, "पण नोकरी?" तिथंच गाडी अडायची. अशी कित्येक स्थळं चहा पिऊन गेली होती. त्यामुळे ग्रुपवर नुसता फुलांचा खच पडला. नाचणाऱ्या बाहुल्या आल्या, ढोल आले, कुणीतरी घाईत दिवाळीच्या शुभेच्छाही दिल्या.

आकांक्षानं मात्र फाईलचं नाव पाहिलं. शेवटी 'एपीके' होतं. शाळेत संगणकाच्या मॅडमनी सांगितलं होतं की हे अ‍ॅप असतं, फोनमध्ये शिरतं आणि मग फोन आपला राहत नाही. दुसरं म्हणजे, मोठेबाबा कधी टाईप करत नाहीत. ते आवाज रेकॉर्ड करून पाठवतात. आधी खोकतात, मग "हां, ऐका" म्हणतात, आणि मागे बडी आई, म्हणजे मोठी काकू, कुकरची शिट्टी मोजत असते. 'यावे' असं तर त्यांनी जन्मात कुणाला म्हटलं नसेल. ते म्हणतात, "आला नाही तं पाय मोडीन."

"बाबा, उघडू नका. ही पत्रिका नाही वाटत."

"काहून? शिवमचं लगन खोटं हाय का?"

"लग्नाचं नाही म्हणत मी, फाईल..."

"मग पोरगी खोटी हाय का?" आईनं कढईवरची नजर न हलवताच विचारलं.

"मोठेबाबांना फोन करून विचारा ना."

"अन् काय विचारू? 'दादा, तुमच्या पोराचं खरंच जमलं का?' म्हणून? जलमभर तोंड पाहणार नाही तो माझं!"

तरी त्यांनी फोन लावला. मोठेबाबांचा बंद. शिवमचा आवाक्याबाहेर, शेतात रेंज नसायची.

आता आली पंचाईत. आत्ताच रिपोर्ट करावं, की खात्री होईपर्यंत थांबावं? थांबलं आणि कुणी फाईल उघडली, तर त्याचं खातं धुतलं जाणार. आत्ता बोललं आणि लग्न खरं निघालं, तर इतक्या वर्षांनी जमलेल्या लग्नाला फ्रॉड म्हणणारी पोरगी म्हणून ती खानदानात अजरामर होणार. आकांक्षानं डोळे मिटून मेसेज रिपोर्ट केला आणि ग्रुपवर आपलं ते एक वाक्य लिहिलं : 'कृपया कोणीही फाईल उघडू नका, फसवणूक असू शकते.'

उत्तर लगेच आलं. नितेशकाका म्हणाले, "शिवमचं जमलं तं अमरावतीवाल्यांच्या पोटात काहून दुखते?" आणि पाठोपाठ, "इन्स्टॉल करा म्हणून राहिलं. थांबा, माझ्या फोनची बॅटरी चार्ज होऊ द्या, मग पत्रिका इथंच टाकतो."

त्याखाली जमुनाआत्याचं, "मी बी चष्मा शोधून राहिली. उघडतोच."

आत्यानं नुकतीच तूर विकली होती आणि वर्षाची सगळी कमाई त्याच फोनला जोडलेल्या खात्यात होती. एकीकडे बॅटरी भरत होती, दुसरीकडे चष्मा सापडायच्या बेतात होता. फसवणूक म्हटलं तर कुणी ऐकत नव्हतं. मग इंगोले ऐकतात तरी कशाला? आकांक्षानं डोळ्यांसमोर सगळी लग्नं आणली आणि तिला एकदम उमगलं. तिनं आत्याला फोन लावला.

"आत्या, मोठेबाबा तुमच्याकडे येऊन अक्षता देऊन गेले का?"

पलीकडे चष्म्याच्या डबीचं झाकण वाजलं.

"नाई. काहून?"

"नाही, म्हणजे... फाईल उघडली की तुम्हाला आमंत्रण पोचलं, असंच धरतील ना?"

मग आत्यानं नाकातून एक लांब श्वास घेतला. असा श्वास घेतला की आत्या दोन वर्षं कुणाच्या घरचं पाणी पीत नाही, हे सगळ्यांना माहीत होतं.

"अस्सं! मी सख्खी बहीण, एका गावात राह्यतो, अन् मले मोबाईलवर बलावते? सापडला चष्मा, ठेवला परत!"

पुढच्याच मिनिटाला ग्रुपवर आत्याचा आवाज घुमला : "पंजाबदादा घरी येऊन कुंकू लावत नाही, तवरोक ज्यानं फाईल उघडली, त्याले मानपान नाई, असं समजा!"

एकदम सगळ्यांना आठवलं की, आपल्याकडेही कुणी आलं नाही. फुलं थांबली. ढोल थांबले. नितेशकाकांनी भरलेली बॅटरी तशीच ठेवून लिहिलं, "आमी काय रस्त्यावर पडलो का?" जेवणवेळेपर्यंत अख्खं खानदान रुसून बसलं आणि एकाही माणसानं फाईलला बोट लावलं नाही.

संध्याकाळी शिवमच्या फोनवरून मोठेबाबांचा आवाज आला. आधी खोकले. "हां, ऐका. माहा फोन कालपासून कोणंतरी ताब्यात घेतला. कोणाचं लगन? शेतातून आल्यापासून शिवमचं लोकं अभिनंदन करून राहिले, अन् तो बिचारा लाजून राहिला!"

आकांक्षाची मान पहिल्यांदा ताठ झाली. सायबर मदत क्रमांकावर तक्रार कशी करायची ते तिनंच मोठेबाबांना सांगितलं. नितेशकाकांनी "पोरगी नाही, ठाणेदार हाय" असं लिहिलं. सगळी फुलं आता तिच्याकडे वळली. आईनं शेजारच्या बाईंना बोलावून ते फुलांचे मेसेज मोठ्यानं वाचून दाखवले.

पण फाईल खोटी ठरली तरी रुसवा खरा होता. मोठेबाबांना नसलेल्या लग्नाचं आमंत्रण न दिल्याबद्दल घरोघरी जाऊन समजूत काढावी लागली. त्यात वरूडच्या एका पाहुण्यानं हळूच विचारलं, "म्हणजे पोराचं जमलं नाही अजून? आमच्याकडे एक पोरगी हाय. तिले शेतीचंच घर पाह्यजे."

आणि शिवमदादाचं खरोखर जमलं.

मोठेबाबा अमरावतीला स्वतः आले. हळदी-कुंकू, अक्षता, छापील पत्रिका, सगळं रीतसर. जाताना आकांक्षाच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "तुहे उपकार विसरलो नाई, बाई. नाव छापलं हाय तुहं."

आकांक्षानं घाईघाईनं पत्रिका उघडली. निमंत्रकांत पाहिलं, नव्हतं. व्यवस्थापकांत नव्हतं. 'विशेष सहकार्य' असं होतं, पण तिथं नितेशकाका होते. मग अगदी तळाशी, फुगे धरलेल्या अस्वलाशेजारी, तिला ते सापडलं :

'आमच्या शिवमदादाच्या लग्नाला नक्की यायचं हं! – गोलू, पिहू, आकांक्षा, छकुला.'

(त्यांतल्या पिहूला अजून दात यायचे होते.)