कोपरा कापलेली कार्डं

सरोजने दार उघडलं, तर समोर कल्याणचा चुलतभाऊ त्र्यंबकदादा. पांढरा सदरा, डोळे लाल. तिला बघताच तो दोन पायऱ्या खाली उतरला आणि कठडा घट्ट धरून उभा राहिला.

"तू?"

"माझंच घर आहे, दादा. आत ये ना."

"म्हणजे... तू आहेस?"

सरोज डोंबिवलीच्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झालेली. प्रश्न आधी नीट समजून घ्यायचा आणि मग उत्तर द्यायचं, ही तिची सवय. तिने क्षणभर विचार केला.

"आहे," ती म्हणाली. "का?"

दादा तिथेच पायरीवर बसला. "अगं, काल तुझ्या नावाने आंघोळ केली मी! गार पाण्याने!"

झालं होतं ते असं. निवृत्तीनंतर सरोजने घरातल्या जुन्या पत्रांची व्यवस्था लावायला घेतली होती. आजोबांची पत्रं, आईची, मावशांची. शिवाय मुंजीच्या पत्रिका, वडिलांचा चष्मा, कुणाचं तरी चांदीचं एकच वाळं. प्रत्येक वस्तूचं एक कार्ड आणि सगळी कार्डं एका लाकडी पेटीत. प्रत्येक कार्डाचा उजवा कोपरा तिरका कापलेला, म्हणजे एखादं उलटं बसलं तर नुसत्या नजरेला कळावं. ही युक्ती प्रयोगशाळेतली.

पेटी भरत आली तेव्हा तिच्या ध्यानात आलं, की तिच्यात सगळ्यांचे आवाज आहेत, आपलाच नाही. हे साहजिकच होतं. तिने लिहिलेली पत्रं दुसऱ्यांच्या घरी गेली होती. त्यातलं एखादं तरी कुणी ठेवलंय का, एवढंच तिला जाणून घ्यायचं होतं.

म्हणून तिने पोस्टातून जोडकार्डं आणली. एका अर्ध्यावर आपण लिहायचं, दुसरं कोरं अर्धं समोरच्याने उत्तर लिहून परत धाडायचं. 'मी लिहिलेलं एखादं पत्र तुझ्याकडे आहे का? कळव.' आलेलं उत्तर थेट पेटीत बसावं म्हणून तिने कोऱ्या अर्ध्याचा कोपरा आधीच कापला. पण कार्ड दुमडलेलं होतं आणि कात्री धारदार. दोन्ही अर्ध्यांचे कोपरे गेले.

कोपरा नसलेलं कार्ड म्हणजे कुणीतरी गेल्याची बातमी, हे सरोजला माहीत नव्हतं असं नाही. पण गेल्या कित्येक वर्षांत तिला कसलंच कार्ड आलं नव्हतं, त्यामुळे ते आठवायचा प्रसंग आला नाही.

"दादा, तू मजकूर तरी वाचायचास."

"असलं कार्ड कोण वाचत बसतं गं? दारातच पत्ता बघितला. डोंबिवली, तुझं घर. फाडलं, टाकलं, मोरीत गेलो."

"पण मीच गेले हे कशावरून?"

"तुझ्या घरात दुसरं आहे कोण?"

हा मुद्दा सरोजला खोडता येईना. "मग कार्ड लिहिलं कुणी?"

दादा अडखळला. "शेजारी असतात की."

"अक्षर माझं होतं."

"तुझं अक्षर बघून किती वर्षं झाली," दादा सहज म्हणून गेला.

दादाकडे आपलं एकही पत्र नाही, हे उत्तर तिला मिळालं होतं.

इतक्यात खालून "ताई गं!" असा हंबरडा आला. चुलतबहीण चित्रा ठाण्याहून, पार टेंभी नाक्यापासून, एका हाताने पदर डोळ्याला लावत आणि दुसऱ्या हातात डबा सांभाळत जिना चढत होती. आवाजाने शेजारची शालू बाहेर आली.

"सरोजताई, कोण गेलं हो?"

"मी," सरोज म्हणाली.

"अगं बाई! आणि मला पत्ता नाही!"

चित्राने वर पाहिलं, किंचाळली आणि सगळा जीव एकवटून डबा तेवढा सोडला नाही.

"काय आणलंयस?" दादाने विचारलं.

"पिठलं-भात. ज्यांच्याकडे कुणी गेलेलं असतं त्यांच्याकडे चूल पेटत नाही ना."

"अगं, पण ही एकटी राहते. हीच गेली तर खाणार कोण होतं?"

"ते रिक्षात माझ्या लक्षात आलं," चित्रा नाक पुसत म्हणाली. "पण तोवर डबा भरला होता."

शेवटी आला आनंद, सरोजचा भाचा. भाऊ वारल्यापासून तिचं सख्खं म्हणावं असं हे एकच माणूस. शीळफाट्याजवळच्या गोदामातून तो तडक निघाला होता. आत्याला दारात उभी बघून त्याने हातातला हार पाठीमागे लपवला.

"आत्या! अगं, मी अर्धी रजा टाकून आलेलो!"

"चुकलं माझं."

"तसं नाही गं. पण खाली मी स्मशानाची गाडी सांगून ठेवलीय. त्याला आता काय बोलू?"

सरोजने विचार केला. "म्हणावं, आज जमणार नाही."

मग मात्र दादालाच हसू फुटलं. सगळे आत आले. सरोजकडे एवढे कप नव्हते, ते शालूने आणले. 'अशा घरी चहा घ्यावा का' म्हणून चित्रा आधी अडून बसली आणि मग तिनेच दुसऱ्यांदा मागून घेतला. हाराचं काय करायचं यावर बरीच चर्चा झाली. अखेर तो सरोजच्या आईच्या फोटोला गेला. सरोजच्या घरात इतका गोंगाट कधी झाला होता, हे तिला आठवेना.

चहा संपत आला तेव्हा तिने विचारलं, "माझं एखादं पत्र आहे का कुणाकडे?"

सगळे एकदम कपात बघू लागले.

"आम्ही घर बदललं ना, आत्या," आनंद पुटपुटला, "तेव्हा बरंच काही गेलं."

चित्राने पर्स उघडली आणि एक पिवळं पडलेलं अंतर्देशीय पत्र काढलं. "काल कार्ड आलं आणि मी रडत रडत सगळं कपाट उपसलं. म्हटलं, ताईचं काहीतरी असेलच. हे शिलाई मशीनच्या खणात होतं."

सरोजने चष्मा लावला आणि मोठ्याने वाचलं. 'चि. चित्रा, तुझं पत्र नाही. शाई संपली असल्यास तसं कळव. मी ठीक आहे. वाट बघते.'

"शाई संपली तर कळवणार कशाने?" दादा म्हणाला आणि पुन्हा हशा झाला. सरोजही हसली. मग तिने पत्र घडी करून पेटीकडे हात नेला, तेवढ्यात चित्राने ते काढून घेतलं.

"हे मिळायचं नाही. माझ्याकडे एकच आहे."

"पण पेटीत माझं एकही नाही."

"तुझं कशाला हवं? तू आहेस की."

ऊन कलल्यावर सगळे उठले. कुणी काही बोललं नाही. चपला घातल्या आणि खालमानेने जिना उतरू लागले. सरोज दारात उभी राहिली. मयताच्या घरून निघताना 'येतो' म्हणत नाहीत, तिला माहीत होतं. ज्या कामाला आले, त्याच रीतीने चालले होते. पावलं खाली जाऊन थांबली. ती दार लोटणार, तोच कुणीतरी धापा टाकत पुन्हा वर येऊ लागलं.

त्र्यंबकदादा होता. छातीवर हात ठेवून त्याने श्वास घेतला.

"सवयीने तसेच निघालो बघ. येतो गं, सरोज."

"येते, ताई!" खालून चित्रा ओरडली.

"आत्या, येतो!"

"या," सरोज म्हणाली. तिघांनाही ऐकू जावं म्हणून जरा मोठ्याने म्हणाली.

आत येऊन तिने एक कोरं कार्ड घेतलं. 'सरोजचं पत्र, एक. जागा : चित्राचं घर, ठाणे.' कोपरा कापून ते पेटीत बसवलं. मग तिने चित्राचा डबा उघडला आणि आपल्याच नावाचं पिठलं-भात पोटभर जेवली. डबा घासताना तिच्या लक्षात आलं, की तो आता रिकामा परत करता येणार नाही.