आबासाहेब, येऊ का आत?

आमच्या कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेचं दार गणपतमामा रोज सकाळी आधी वाजवायचे आणि मग कुलूप काढायचे.

बाहेरून कुलूप लावलेल्या खोलीचं दार वाजवणारा माणूस मी आयुष्यात पहिल्यांदाच बघत होते. कडी तीनदा वाजवायची, घसा खाकरायचा आणि म्हणायचं, "आबासाहेब, आलोय. येऊ का आत?" मग दाराला कान लावून थांबायचं. आतून अर्थातच कोणी काही बोलत नसे. मग मामा मान हलवत कुलूप काढत, दार सताड उघडत आणि स्वतः दोन पावलं मागं सरून उभे राहत.

माझा नोकरीचा पहिला दिवस होता तो. हातात नेमणुकीचं पत्र. मी घाबरत विचारलं, "आत कोण आहे?"

"हायत की सगळी," मामा म्हणाले. "आबासाहेब हायत, तात्या हायत, आक्का हाय. तुमी नव्या मॅडम न्हवं? जरा थांबा. रातभर दार बंद हुतं, आत वास कोंडतोय. एकदम डोकं घातलं की छाती भरतीया."

मी त्याच पावली घरी परतणार होते. पण घरी आईनं शेजाऱ्यापाजाऱ्यांना पेढे वाटले होते, त्यामुळं परतायची सोय राहिली नव्हती.

गणपतमामा म्हणजे आमचे प्रयोगशाळा परिचर. बाटल्या भरणं, परीक्षानळ्या धुणं, द्रावणं तयार करणं ही त्यांची कामं. शिक्षण दहावी नापास, नोकरी तीस वर्षांची. अंगात खाकी शर्ट, कोपरापर्यंत कधीही न दुमडलेल्या बाह्या आणि गळ्याशी लावलेलं शेवटचं बटण. मे महिन्यातसुद्धा ते बटण निघत नसे. "कापडाला भोक पडलं तर पडू दे, कातड्याला नगं," असं त्यांचं म्हणणं.

आबासाहेब कोण, हे मला त्या दिवशीच कळलं. तीव्र सल्फ्युरिक आम्ल. तेलासारखं जड, ओतताना सावकाश येणारं. "घरातल्या थोरल्या माणसागत हायत बघा. पाण्यानं त्यांच्याकडं जायचं न्हाय, त्यांनी पाण्याकडं यायचं. पाणी आधी घ्यायचं भांड्यात, आणि मग आबासाहेबांना हाताला धरून हळूहळू पाण्यात उतरवायचं. उलटं करून त्यांच्या अंगावर पाणी टाकलं, की संपलं. असं उसळत्यात, की समोरच्याचं तोंड बघत न्हाईत."

नायट्रिक आम्ल म्हणजे तात्या. बोटाला लागले तर आठवडाभर पिवळा डाग सोडून जाणारे. अमोनिया म्हणजे आक्का, कारण ती आली की सगळ्यांना रडू येतं. हायड्रोक्लोरिकच्या बाटलीचं बूच काढलं की पांढरा धूर निघतो, म्हणून तो बिडीवाला. रॉकेलमध्ये बुडवून ठेवलेल्या सोडियमला मात्र त्यांनी नाव दिलं नव्हतं. "तिचं नाव घ्यायचं न्हाय," एवढंच म्हणत आणि कपाट लावून टाकत.

अकरावीची मुलं मामांना हसायची. पण एकाही मुलाच्या हातावर तीस वर्षांत फोड आलेला नव्हता, हेही तितकंच खरं.

प्रयोगशाळेतले नियम मामांनी बाहेरसुद्धा सोडले नव्हते. वास घ्यायचा तर बाटलीत नाक घालायचं नाही, हातानं वारा आपल्याकडं ढकलायचा, हा पहिला धडा. स्टाफच्या एका जेवणात मामांच्या पुढ्यात तांबड्या रश्श्याची वाटी आली. मामा ताठ बसले, वाटी हातभर लांब ठेवली आणि तळहातानं तिच्यावरचा वारा नाकाकडं ढकलू लागले. वाढपी घाबरला. "काका, काय पडलंय काय त्यात?" म्हणून त्यानं वाटीच उचलून नेली. सोड्याची बाटली उघडायची झाली तर मामा आधी आजूबाजूला बघून घेत आणि तिचं तोंड भिंतीकडं करत. "तोंड माणसाकडं नगं," हा दुसरा धडा.

आणि तिसरा धडा म्हणजे "काठाकाठानं." आम्ल ओतताना मधोमध नाही ओतायचं, काचेच्या कांडीवरून, भांड्याच्या काठाकाठानं सोडायचं. हा शब्द मामा कुठंही वापरत. रिक्षावाल्याला, प्राचार्यांना, मुलीसाठी स्थळ बघायला निघालेल्या आमच्या क्लार्कला. "एकदम विचारू नगा पगाराचं. काठाकाठानं घ्या."

याच क्लार्कनं मला एकदा सांगितलं होतं, "मॅडम, ते दार वाजवायचं आधी न्हवतं बरं का. चारपाच वर्षांत सुरू झालंय. वय झालं की असं व्हतंय." मी तेव्हा हसून सोडून दिलं.

आता माझं सांगते. सांगायला लाज वाटते, पण सांगते. मी रसायनशास्त्राची शिक्षिका असून मला आम्लाची भीती वाटते. थोडीथोडकी नाही. बाटलीला हात लावायच्या आधीच तळहात ओले होतात आणि कानात कुणीतरी भांडी घासत असल्यासारखा आवाज यायला लागतो. पदवीच्या वर्षात माझ्या शेजारच्या मुलीनं घाईत आम्लावर पाणी ओतलं होतं. कोणाला काही झालं नाही. पण घरी आल्यावर आईनं माझी ओढणी धुतली आणि दोरीवर वाळत घातली, तेव्हा तिची चाळण झालेली दिसली. ती भोकं माझ्या डोळ्यांच्या बरोबर खाली, गळ्यापाशी होती. तेव्हापासून फळ्यावर सूत्रं कितीही लिहायला सांगा, समीकरणं संतुलित करायला सांगा, मी वाघीण. बाटली समोर आली की शेळी.

हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. सांगणार कशी? नोकरी गेली असती. पण पहिल्या आठवड्यातच माझी खुर्ची आम्लाच्या कपाटापासून सर्वांत लांबच्या कोपऱ्यात गेली, ते मामांनी पाहिलं असावं. त्यानंतर चार वर्षं मला आबासाहेबांच्या बाटलीला एकदाही हात लावावा लागला नाही. मी सकाळी यायची तर विरल आम्लाच्या बाटल्या भरून, पुसून, ओळीनं टेबलावर तयार. त्यांच्यावर मामांच्या तिरक्या अक्षरात चिठ्ठी: "आबासाहेब, पाण्यात उतरवलेले." मला वाटायचं, किती कामसू माणूस आहे.

जानेवारीअखेरीस मामा निवृत्त होणार होते आणि फेब्रुवारीत बारावीची प्रात्यक्षिक परीक्षा. मामांची जागा लगेच भरली जाणार नव्हती. पोटॅशियम परमँगनेटचं जांभळं द्रावण थेंबथेंब टाकून फिकट गुलाबी रंग आणायचा, हा प्रयोग परीक्षेत हमखास येतो आणि त्याला विरल सल्फ्युरिक आम्ल लागतंच. ते नसेल तर गुलाबीच्या जागी तपकिरी गढूळ पाणी होतं आणि पोरांचे मार्क जातात. ते आता मलाच करायचं होतं. मला झोप लागेना.

निवृत्तीला आठ दिवस असताना एका दुपारी मामांनी प्रयोगशाळेचं दार लोटलं, दोन एप्रन काढले आणि एक माझ्या हातात दिला. "मॅडम, आज तुमी करायचं. मी हितं हुबा ऱ्हातो."

मी एप्रन घातला, चष्मा लावला आणि मनाशी म्हटलं, अवघड काम आधी उरकून टाकू. म्हणजे सुटले. दात आवळून बाटली उचलली, रिकाम्या बीकरमध्ये आम्ल ओतलं, बाटली ठेवली आणि हुश्श केलं. आता काय, राहिलं नुसतं पाणी! मी पाण्याचं मोजपात्र उचललं आणि बीकरवर तिरकं केलं.

"मॅडम!"

प्रयोगशाळेत मामांचा आवाज चढलेला मी कधी ऐकला नव्हता. त्यांनी उघडा तळहात मोजपात्राच्या तोंडावर दाबून धरला होता. पाणी त्यांच्या बाहीत शिरत होतं. खाली बीकरमध्ये आबासाहेब शांत बसले होते.

भीतीनं माणूस असा चुकतो. चार वर्षं मुलांना जे ओरडून शिकवलं, तेच मी उलटं करायला निघाले होते. मी मटकन स्टुलावर बसले आणि रडायला लागले. आक्काची बाटली उघडलेली नसताना.

मामांनी बीकरवर काचेची झाकणी ठेवली, कोणी हात लावू नये म्हणून टेबलावर खडूनं त्याच्याभोवती गोल काढला. मग पलीकडच्या स्टुलावर बसून ओली बाही पिळत म्हणाले, "मला ठावं हाय सगळं. पयल्या दिवशीच कळलं."

"मग बोलला का नाहीत?"

"बोलून काय करणार? तुमी अजून भ्याला असता." त्यांनी बाही झटकली. "मला बी लई भ्या वाटतंय, मॅडम. तीस वर्षं झाली. रोज बाटली उचलताना वाटतंय. म्हणून तर मी हळू वततोय. भ्या गेलं की हात सैल सुटतोय. तुमच्या भ्याला हाकलू नगा. फकस्त त्याच्या घाईत सापडू नगा. काठाकाठानं घ्या."

त्या दिवशी त्यांनी माझ्याकडून ते दहा वेळा करून घेतलं, पण बाटलीत आम्लाऐवजी नुसतं पाणी भरून. पाण्यात पाणी, काठाकाठानं. खरं आम्ल पाण्यात उतरवलं ते त्यांनीच.

निरोपसमारंभ झाला. शाल, श्रीफळ, भिंतीवरचं घड्याळ, आणि बांधता बांधता तीनदा सुटलेला फेटा. प्राचार्य भाषणात "रसायनशास्त्राचा आधारस्तंभ" म्हणाले, तेव्हा आधारस्तंभ घड्याळाचं खोकं दोन हातांनी धरून ते पडेल या भीतीनं घामाघूम झाला होता. एवढं सामान घेऊन बसनं कुठं जाणार, म्हणून मी त्यांना माझ्या स्कूटरवर कळंब्याला त्यांच्या घरी सोडायला गेले. वाटेत प्रत्येक वळणावर मागून आवाज येई, "मॅडम, काठाकाठानं."

तळ्याकडं जाणाऱ्या रस्त्यावर त्यांचं दोन खोल्यांचं घर. दाराला कुलूप होतं. मामांनी खोकं खाली ठेवलं, शाल सावरली आणि कडी तीनदा वाजवली. घसा खाकरला.

"आलोय," ते म्हणाले. आणि कान लावून थांबले.

मला वाटलं, आत कोणीतरी आहे. मग आठवलं, मामी जाऊन पाच वर्षं झाली. लेक कागलला दिलेली, ती सणालाच येते. मी कुलपाकडं बघत राहिले आणि मामांना कळलं की मी बघतेय.

"एकदम आत गेलं की घर रिकामं दिसतंय हो," ते किल्ली शोधत म्हणाले. "वाजवून हुबं ऱ्हायलं की जरा वेळ तरी वाटतंय, कोन तर उठून येतंय."

"आणि प्रयोगशाळेत?"

"सवय लागली," ते म्हणाले. "तितं निदान आबासाहेब तरी असत्यात."

मला चहा न पाजता त्यांनी सोडलं नाही. मी मात्र तो चहा कसाबसा संपवला.

परीक्षेच्या दिवशी मी साडेसातलाच कॉलेजात पोचले. मामांनी जाताना भरून ठेवलेल्या बाटल्या पोरांनी सरावातच संपवल्या होत्या. दहाला बाहेरचे परीक्षक येणार होते. गेटवरच्या वॉचमनशिवाय आवारात कोणी नव्हतं. मी इकडंतिकडं बघितलं आणि कडी वाजवली. तीनदा. मग कुलूप काढून, दार उघडून, दोन पावलं मागं उभी राहिले.

आत गेले. एप्रन, चष्मा, गळ्याशी बटण. भीती तिथंच होती. राहू दे म्हटलं. मोठ्या बीकरमध्ये आधी पाणी घेतलं. ते पाणीच आहे याची दोनदा खात्री केली. मग बाटली उचलली. कानात भांडी घासायला सुरुवात झाली होती. काचेची कांडी धरली आणि आबासाहेबांना थोडं थोडं पाण्यात उतरवू लागले. थोडं सोडायचं, ढवळायचं, थांबायचं. बीकर हाताला कोमट लागला. मी थांबले. तो निवला. परत थोडं. अर्धा तास लागला असेल. एक थेंबही उडाला नाही. बाटल्या भरल्या, चिठ्ठ्या लिहिल्या आणि मग मी सिंकला धरून उभी राहिले.

तेवढ्यात दार वाजलं. तीनदा. कोणीतरी घसा खाकरला.

मी वळून बघितलं. दार उघडंच होतं, पण वाजवणारा बाजूला भिंतीआड उभा होता. खाकी बाहीचं टोक तेवढं दिसत होतं. कळंब्याहून पहिली बस पकडून, तीही उभ्यानं, मामा आले होते. आत काय झालं असेल या भीतीनं त्यांना आत डोकावायचा धीर होत नव्हता.

"आलोय," बाहेरून दबका आवाज आला. "येऊ का आत?"

"या मामा, या!" मी मोठ्यांदा म्हणाले. "आबासाहेब उतरले पाण्यात. सगळं नीट झालं. या आत."

मामा आत आले नाहीत. बाही तिथंच होती. मला वाटलं, त्यांना ऐकू गेलं नसावं. मी दाराकडं निघाले.

मग त्यांनी उघड्या दाराची कडी पुन्हा एकदा वाजवली.

मला कळंब्याच्या घराचं कुलूप आठवलं. मी होते तिथंच थांबले आणि पुन्हा म्हणाले, "या मामा. आहे मी आत."